भाऊजींच्या बोटाला कळणारी दोरी

बुलढाणा जिल्ह्यात मासे धरायला चाललोय म्हटल्यावर आमच्या गुहागरच्या खडकावर माझ्या शेजारी गळ टाकून बसणारी मंडळी आधी हसली आणि मग काळजीत पडली. "तिकडे पाणी असतं?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "असेल की, माठात." आम्हा कोकण्यांचा भूगोल घाटमाथ्यावर संपतो. माझाही तिथंच संपला असता. पण माझी थोरली बहीण सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून तिकडे गेली, तिथल्याच एका भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याशी लग्न केलं, आणि मला मोताळ्याची वाट पाठ झाली.

तेव्हा जे गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, पाणी आहे. नळगंगेचं धरण आहे आणि ताईच्या सासरचं शेत उतरत उतरत थेट धरणाच्या पाण्याला जाऊन टेकतं. वर कपाशी, मधे भाजीपाला, खाली हरभरा आणि मग पाणी. रोहू, कटला, मृगळ सगळं आहे त्यात. समुद्राचा वास तेवढा नाही, त्याची मला पहिले दोन दिवस चुटपुट लागते.

या वेळी मात्र मी मजेसाठी निघालो नव्हतो. भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात अर्धवटच. मूठ वळते पण त्या मुठीत काही टिकत नाही. आणि हा माणूस तर मिसरूड फुटल्यापासून हाताच्या दोरीनं मासे धरणारा. काठी नाही, रीळ नाही. पत्र्याच्या डब्याला गुंडाळलेला नायलॉनचा तंगूस, टोकाला गळ आणि शिसं, डोक्यावर गरगर फिरवून पाण्यात भिरकावायचं आणि दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर घेऊन बसायचं. मासा नुसता हुंगून गेला तरी त्या बोटाला कळायचं. तेच बोट मुकं झालं.

"दिगू, ते आता धरणाकडे तोंड करून बसतसुद्धा नाहीत," ताई फोनवर म्हणाली. "खुर्ची फिरवून घेतात. घरात मासा आणला तर खात नाहीत. एकट्यानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत." मी दिवाळीत फराळाऐवजी भारीतल्या दोरीचं एक रीळ कुरियरनं पाठवून दिलं आणि कळवलं, मी येतोय, तुमच्या हातून मासा धरवल्याशिवाय परत जाणार नाही. असल्या घोषणा करायला मला कुणी सांगत नाही. मी आपण होऊनच करतो.

पोचलो

भाऊजी ओसरीवर खुर्चीत होते, आणि खुर्ची खरोखरच पाण्याकडे पाठ करून होती. बारीक झाले होते. माझ्या खांद्यावरची रॉडची लांबलचक पिशवी पाहून म्हणाले, "काऊन बे कोकण्या, बंदुका घिऊन आला का?"

"तुमच्यासाठीच आणल्यात."

"मले कायले? मी रिटायर झालो."

जीभ जरा जड झाली होती, पण धार तीच होती. मला बरं वाटलं.

जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. आमच्याकडे तांदळाची भाकरी पांढरी, मऊ आणि गरीब स्वभावाची; ही काळपट, खरखरीत आणि चांगली ठसकेबाज. भरतात हिरव्या मिरच्या इतक्या की मी तिसऱ्या घासाला पाणी मागितलं. वाढत होती लता, भाऊजींच्या धाकट्या भावाची बायको. भाजीचा सगळा मळा तीच बघते. या घरात एक रीत आहे. लता आपल्या भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, थेट बोलत नाही. ते समोर ताटावर बसलेले असले तरी ती ताईकडे बघून म्हणते, "थोरल्या बाई, त्याहिले इचारा, भाकर वाढू का?" आणि भाऊजी भिंतीकडे बघून म्हणतात, "सांग तिले, अर्धी वाढ." आमच्याकडे भावजया दिरांची भर पंगतीत खिल्ली उडवतात, त्यामुळे मला हे पोस्टातून बोलल्यासारखं वाटतं. पण काम चालतं.

पहिली सकाळ

दोरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

दुकानात मुख्यतः दोन जाती मिळतात. एक आपला साधा तंगूस, अखंड नायलॉनचा एकच धागा. दुसरी विणलेली दोरी. हिच्यात केसासारखे धागे एकमेकांत घट्ट विणलेले असतात, त्यामुळे तंगुसाच्या निम्म्या जाडीतही ती तेवढंच वजन पेलते. बारीक असल्यानं लांब जाते. ताणली तरी जराही वाढत नाही, त्यामुळे दूरवरच्या माशानं तोंड लावलं की इथं हाताला झटका बसतो. आम्ही खडकावरून लाटांच्या पलीकडे टाकणारे लोक हिच्यावर जीव टाकतो. तंगूस वापरणाऱ्याकडे आम्ही जरा दयेनं बघतो, हे कबूल करायला हरकत नाही.

मी तीन जोड्या नेल्या होत्या. समुद्राची लांब रॉड आणि तिचं मोठं उघडं रीळ. मधल्या लांबीची रॉड आणि लहान उघडं रीळ. तिसरी आखूड काठी, तिला बंद रीळ. बंद रिळात दोरी टोपणाच्या आत असते आणि अंगठ्यानं बटण दाबलं की सुटते. अधू हाताला हेच सोपं, असा माझा हिशेब होता. भाऊजींनी त्याला "डबी" असं नाव ठेवलं. डाव्या हातानं बटण दाबलं, काठी हलवली, शिसं समोर वावभर अंतरावर पडलं. या डबीत बारीकच दोरी मावते, तीही थोडी, आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याला सुटण्याची वेळ काही साधेना. "हे पोट्ट्याहिचं खेळणं व्हय," म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली.

मग मधली रॉड, लहान रीळ, त्यावर माझी लाडकी विणलेली दोरी. रिळाची मूठ फिरवून उजवीकडची डावीकडे बसवता येते, पण मी बसवली नाही. डाव्या हातात रॉड, उजव्यानं नुसतं फिरवायचं, असं ठरवलं. काठावर बाभळीचा दुबेळका फाटा रोवून त्यात रॉड टेकवली. आमिषाला सरकीची ढेप आणि ज्वारीचं पीठ मळलेलं. ते भाऊजींनी डाव्या हातानं स्वतः मळलं, आणि त्यात आणखी काय घातलं ते मला सांगितलं नाही.

थंडी होती. पाण्यावर पातळ वाफ. पलीकडच्या काठानं कुणाच्या तरी म्हशी उतरत होत्या. माझी कॉफीची सवय इथं चालत नाही, ताई गुळाचा चहा देते. तो पिऊन होतोय तोच रॉडचं टोक खाली गेलं.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. ताण न खाणारी दोरी, त्यामुळे माशाचा पहिला हिसका जसाच्या तसा रॉडवर आला. रॉड फाट्यातून उडाली. भाऊजींनी सवयीनं उजवा हात पुढे केला. दोरी त्या बोटांवरून सरकत गेली आणि बोटांना काहीच कळलं नाही. मी झेप घेऊन रॉड धरली तेव्हा पलीकडे काही नव्हतं. माशाचं तोंड मऊ असतं, गळ ते फाडून निघाला होता. भाऊजींच्या बोटावर बारीक लाल रेघ उमटली होती आणि ते तिच्याकडे दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तसे पाहत होते.

"लागलं?" मी विचारलं.

"तेच तं मले समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पुरे झालं दिगंबर. तुह्या काठ्या बांध अन् घिऊन जाय. मले पुन्हा इथं आणू नको."

ते मला एरवी दिगंबर म्हणत नाहीत. वर चढताना त्यांनी माझा हात धरला नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

कारल्याचा मांडव

दुपारी जेवणं झाल्यावर मळ्यातून लताचा आवाज आला. कारल्याच्या मांडवाजवळ ती डोक्याला हात लावून उभी होती. ताई गेली, मी गेलो, मागून काठी टेकत भाऊजीही आले. मळ्यातलं काही बिघडलं की त्यांना बसवत नाही.

एका बाजूचे वेल माना टाकून लोंबत होते. पानं सुकलेली, कोवळी कारली सुरकुतलेली. रोग म्हणावा तर शेजारचे वेल हिरवेगार. मी वाकून बघितलं. प्रत्येक सुकलेल्या वेलाच्या बुडाशी एक सुंदर, हिरवट, बारीक दोरी बांधलेली होती. मी ती ओळखली. मी दिवाळीत पाठवलेलं रीळच ते, आख्खं मांडवाला लागलं होतं.

लतानं पदर पुढे ओढला. "थोरल्या बाई, सांगा त्याहिले, मले वाटलं दिगूभाऊंनी मांडवासाठीच धाडली. एवढी पक्की दोरी! सुतळी तं पावसात सडते. मी म्हटलं, हे जनमभर पुरंल." मला हसू आवरेना. आमच्या खडकावरच्या मंडळींना ही दोरी दाखवताना मी हात पुसून घेतो. इथं तिच्यावर कारली चढवली होती. ताईही हसली. लताला आपण काय केलं ते कळेना, पण आपल्यावर कुणी चिडलेलं नाही एवढं कळलं.

भाऊजी हसले नाहीत. ते कष्टानं खाली बसले आणि डाव्या हातानं एका वेलाचं बूड वर केलं. वारा आला की वेल हलतो, हलला की दोरीवर घासतो. दोरी जराही सैल होत नाही. तिनं देठ सुरीसारखा कापत आणला होता.

"चिंधी बांधाची," भाऊजी म्हणाले. लताकडे नाही, वेलाकडे बघून. "जुन्या लुगड्याची चिंधी. ते ताणल्या जाते. वेलाले ढील भेटते." मग त्यांनी आपलं लाल रेघेचं बोट त्या देठाशेजारी धरलं आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले.

"दिगू," ते म्हणाले. मी परत दिगू झालो होतो. "ढील असलेली दोरी नसते काय बे तुमच्यात?"

असते की. साधा तंगूस. मी तिच्याकडे दयेनं बघत होतो आणि ती चांगली हातभर ताणली जाते. माशाचा पहिला हिसका तीच खाऊन टाकते, मग रॉडवर येतो, मग माणसावर. समुद्रात तो ताण मला नको असतो, कारण तिथं मासा फार लांब असतो. इथं काठापासून थोड्या अंतरावर, मऊ तोंडाच्या माशासाठी आणि अशा हातासाठी, तोच ताण हवा होता. खरं तर मला हे घरी बसूनही सुचायला हवं होतं. पण आपल्या आवडीची वस्तू दुसऱ्यालाही सोयीचीच असते अशी माझी ठाम समजूत आहे, ती अशी मधूनमधून तोंडावर पडते.

मोताळ्याचा बाजार

दुसऱ्या दिवशी मोताळ्याचा आठवडी बाजार होता. भाऊजी यायला तयार झाले, हीच ताईच्या दृष्टीनं मोठी बातमी. भाऊजींच्या पुतण्याच्या मालवाहू रिक्षात मेथीच्या जुड्यांबरोबर आम्ही दोघं बसलो.

बाजारात दोर, दावणी, कासरे विकणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या पालात तंगुसाची रिळं लटकत होती. तो भाऊजींना ओळखत होता. "लय दिसानं, पाटील!" म्हणाला आणि बसायला पोतं पसरलं. त्याच्याकडे जाडीचे आकडे विचारण्यात अर्थ नव्हता, पण आकड्यांची गरजही पडली नाही. भाऊजींनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला.

"एक एक बोटावरून ओढ. मले सांगू नको कोनती व्हय ते."

मी सर्वांत बारीक ओढली. काही नाही. त्याच्या पुढची. काही नाही. म्हातारा, मेथी घ्यायला आलेली एक बाई आणि शेजारचा भांडीवाला, सगळे बघत होते. आणखी जाड. भाऊजींच्या कपाळावर आठी आली. "पुन्हा ओढ." ओढली. "उलटीकून ओढ." ओढली.

"हे समजते," ते म्हणाले. डोळे उघडले नाहीत. "मंद समजते, पन समजते."

मी पार दावणीसारखी जाडसुद्धा ओढून पाहिली. तीही समजली, अर्थात, पण ती फेकली असती तर आमच्या पायाशीच पडली असती. मघाचीच ठरली. म्हातारा म्हणाला, "हे रोहूले जाड हाय, पाटील." भाऊजी म्हणाले, "रोहूले नाई घेऊन राह्यलो बावा, बोटाले घेऊन राह्यलो."

अडचण एवढीच की ही जाड, ताठ दोरी लहान रिळावर नीट बसत नाही. रीळ लहान असलं की तंगूस स्प्रिंगसारखा वेटोळी धरतो आणि फेकताना भसकन सगळा बाहेर येतो. तिला मोठ्या घेराचं रीळ हवं. म्हणून घरी आल्यावर समुद्राचं मोठं रीळ काढलं आणि मधल्या रॉडला बसवलं. तंगूस कोमट पाण्यात बुडवून नरम केला. भाऊजींनी दोन्ही गुडघ्यांत गुंडाळी धरली, मी ओल्या फडक्यातून ओढत रिळावर भरला, काठापासून जरासा कमी. शिगोशीग भरला तर गुंता होतो. या वेळी रिळाची मूठही डाव्या बाजूला बसवली. डाव्या हातानं फेकायचं, रॉड फाट्यात टेकवून उजव्या कोपराखाली दाबायची, आणि डाव्यानंच फिरवायचं. उजव्या हाताला एकच काम, दोरी पहिल्या बोटावर घेऊन बसायचं. त्याचं जुनंच काम.

समुद्राचं रीळ, तळ्याची रॉड, आठवडी बाजारातली दोरी. आमच्या खडकावर कुणी असली जोडी आणली असती तर मी आठवडाभर त्याची टिंगल केली असती.

धरणाचा काठ

दुपार कलल्यावर खाली गेलो. ताई मागून येऊन हरभऱ्याच्या बांधावर बसली. वह्या तपासायला आणल्या होत्या, पण तपासत नव्हती.

पहिल्या दोन फेकी फसल्या. तिसरी बरी पडली. भाऊजींनी रॉड कोपराखाली घेतली, उजवा पंजा डाव्या हातानं उचलून दोरीखाली ठेवला आणि गप्प बसले. मी बोलत राहतो अशी माझी ख्याती आहे; त्या दिवशी मीही गप्प बसलो. बगळे परतत होते. कपाशीतून वेचणीच्या बाया गाठोडी डोक्यावर घेऊन वर चढत होत्या, त्यातल्या एकीनं थांबून आमच्याकडे बघितलं.

"हुंगून राह्यला," भाऊजी हळूच म्हणाले.

रॉडचं टोक हललं नव्हतं. मला काहीच दिसत नव्हतं. त्यांना कळलं होतं.

"तुम्हाला..."

"चूप बस बे."

मग टोक वाकलं. या खेपेला झटका बसला नाही. तंगूस ताणला गेला, रॉड सावकाश वाकली आणि फाट्यातच राहिली. रिळाची कळ मी सैल ठेवली होती, त्यामुळे दोरी कुरकुरत सुटत गेली. मी उठलो. "हात लावू नको," ते म्हणाले. मी बसलो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबले, कारण माझ्या हातांची मला खात्री नव्हती. मासा डावीकडे गेला, ते कमरेतून डावीकडे वळले. तो थांबला की डाव्या हातानं दोन वेढे घ्यायचे, तो ओढायला लागला की सोडून द्यायचा. मधेच रॉड कोपरातून निसटली, पण त्यांनी छातीनंच ती दाबून धरली. शेवटी उथळ पाण्यात पाठीचं लालसर खवलं चमकलं. चांगला दांडगा रोहू. भाऊजी चपलांसकट पाण्यात गेले, डावा हात कल्ल्यात घातला आणि ओढत काठावर आले. येताना जवळजवळ पडलेच होते.

ताई वह्या टाकून धावत आली होती. "पायाकडे पाहा ना हो!" म्हणून ओरडली. भाऊजी चिखलात बसून हसत होते. तोंड अजून एका बाजूला थोडं ओढतं त्यांचं, पण हसू पूर्ण होतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

लतानं रस्सा केला, सुकं खोबरं आणि तीळ भाजून वाटलेला, वर लाल तर्री. ना ओला नारळ, ना कोकम. हा मासा गोड्या पाण्याचा आणि काट्यांचा. आमच्या बांगड्याची सर त्याला नाही, हे मी इथं लिहितो, तिथं बोललो नाही. ताटात तुकडा पडला तेव्हा भाऊजी म्हणाले, "सांग तिले, आनखी एक वाढ."

निघताना

त्या घराचा एक नेम आहे. पाहुणा निघाला, विशेषतः साळा, म्हणजे मेहुणा, की घरच्या कर्त्यानं त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकायचा, त्याची पिशवी स्वतः उचलायची आणि गाडीत बसवून द्यायचं. यात कसूर झाली तर गावात बोलतात. आजारपणातसुद्धा भाऊजींनी तो मोडला नव्हता. गेल्या वर्षी दोघांच्या आधारानं रस्त्याच्या फाट्यापर्यंत आले आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले.

मी पहाटे आंघोळ करून तयार झालो. दुपट्टा खाटेवर घडी घालून ठेवला होता. भाऊजी नव्हते. ताई मागच्या अंगणात जाऊन आली, गोठ्यात जाऊन आली. तिचा चेहरा उतरला आणि मग संतापला. "साळा गाडीले चालला अन् हे कुठी गेले? असं कधी केलं नाही यांनी." ती रागावली की तिचं कोकण आणि वऱ्हाड एक होतं.

लता दूध घेऊन आली. "थोरल्या बाई," ती म्हणाली, "भासरे तं केव्हाचेच गेले. खांद्यावर मासे धराची काठी होती. धरणाकडे उतरले."

"कोणाबरोबर?"

"कोनीच नोतं. मी इचारणार होती, पन मी कशी इचारू?"

ताई तशीच उभी राहिली. "बोलावून आणते," म्हणाली, पण पाय हलला नाही. मी खाटेवरचा दुपट्टा उचलला, स्वतःच खांद्यावर टाकला आणि पिशवी घेतली.

"नको बोलावू," मी म्हणालो.

फाट्यापर्यंत ताई पोचवायला आली. वाटेत ती दोनदा माझ्याकडे वळून तेच बोलली, दर वेळी जरा वेगळ्या आवाजात. "एकटे गेले रे, दिगू. मला उठवलंसुद्धा नाही."